मधला शब्द कुठे हरवला?

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. शिकवणारे आम्ही आणि आमच्यासारखेच दोन-तीन नोकरदार. फी नाही, फळा उसना आणि खडू आमचे. एका रविवारी क्रियापदे शिकवीत असताना दहावीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विहाराच्या दोन भिंतींकडे बोट दाखवले. एका भिंतीवर ठळक निळ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. समोरच्या भिंतीवर मागच्या कुठल्या तरी जयंतीचा फलक अजून टांगलेला आहे. त्यावर इंग्रजीत तीन शब्द आहेत : ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’. मुलगी म्हणाली, ‘सर, ऑर्गनाइझ म्हणजे संघटित करणे हे तुम्हीच सांगितलेत. मग ते या भिंतीवर दुसरे आणि त्या भिंतीवर तिसरे कसे? आणि ॲजिटेट म्हणजे संघर्ष करणे का?’

खरे सांगायचे तर आम्ही गप्प झालो. ही दोन्ही वाक्ये आम्ही लहानपणापासून वाचत आलो. जयंतीच्या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडत आलो. लग्नपत्रिकेवर छापत आलो. पण दोन्ही वाक्ये समोरासमोर ठेवून वाचण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही. ती पंधरा वर्षांच्या मुलीला झाली. ‘पुढच्या रविवारी सांगतो’ असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि घरी येऊन शब्दकोश उघडला. एका क्रियापदाचा अर्थ शोधता शोधता आम्ही बरेच लांब गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहोत. हा केवळ व्याकरणाचा प्रश्न असता तर या स्तंभाची जागा आम्ही अडवली नसती.

ॲजिटेट या क्रियापदाचा पहिला अर्थ आहे हलवणे, ढवळणे, घुसळणे. मोर्चा, घोषणा, रास्ता रोको हे सगळे नंतरचे. वरून कपडे टाकायच्या जुन्या पद्धतीच्या वॉशिंग मशीनमध्ये मधोमध एक फिरणारा खांब असतो. त्याला इंग्रजीत ॲजिटेटर म्हणतात. पाणी आहे, साबण आहे, कपडेही आहेत, पण तो खांब फिरला नाही तर मळ जागचा हलत नाही. आपले कितीतरी बांधव इमारतींच्या कामावर राबतात. त्यांना सांगायला नको की काँक्रीट वाहून नेणाऱ्या ट्रकचे पिंप वाटेत सारखे फिरते ठेवावे लागते. या फिरवत राहण्यालाही इंग्रजीत ॲजिटेट करणेच म्हणतात. पिंप थांबले की माल आतल्या आत घट्ट होतो आणि मग घणाने फोडावा लागतो. रंगारी डबा उघडल्यावर आधी काठी घालून रंग ढवळतो, कारण रंगाचा खरा अंश तळाशी बसलेला असतो आणि वर नुसते पातळ तेल तरंगत असते. औषधाच्या बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ असे छापलेले असते तेही याच कारणाने. बाटली हलवली नाही तर पहिल्या चमच्याला नुसते पाणी आणि शेवटच्या चमच्याला सगळे औषध!

वाचकहो, तळाशी काय बसते आणि वर काय तरंगते, हे या देशात आपल्याला कोणी वेगळे शिकवण्याची गरज आहे काय? जातिव्यवस्था म्हणजे तरी काय? शतकानुशतके न ढवळलेले भांडे! ज्याचे त्याचे थर ठरलेले. जो वर आहे त्याला ‘शांतता’ हवी असते आणि जो तळाशी दबलेला आहे त्याला वाटते की तळ हीच आपली जागा. अशा भांड्यात काठी घालणे, याला ॲजिटेट म्हणतात.

आता या शब्दाचे मूळ पाहा. तो लॅटिनमधून इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, चालवणे, करणे. ॲक्ट, एजंट, अजेंडा हे आपल्या रोजच्या तोंडातले शब्द याच कुळातले. ‘आगेरे’पासून ‘आगितारे’ झाले, म्हणजे पुन्हा पुन्हा चालवणे, सारखे हलते ठेवणे. आणि या ‘आगितारे’ला ‘सह’ या अर्थाचा उपसर्ग लागून दुसरा एक लॅटिन शब्द तयार झाला : ‘कोगितारे’. त्याचा अर्थ विचार करणे! मनात एखादी गोष्ट उलटसुलट घोळवणे म्हणजे विचार. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचे ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे सूत्र कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलेल्यांनी वाचले असेल. लॅटिनमध्ये त्यातला ‘मी विचार करतो’ हा शब्द याच कुळातला आहे. म्हणजे चळवळ आणि विचार हे मुळात एका घरातले. आपल्याकडे मात्र चळवळ करणारा निराळा आणि विचार करणारा निराळा अशी वाटणी करून टाकली गेली. एकाला कार्यकर्ता म्हणायचे, दुसऱ्याला विचारवंत, आणि दोघांनी एकमेकांना नावे ठेवायची. शब्दकोश ही वाटणी मानायला तयार नाही.

या क्रियापदाचे भाऊबंद इंग्रजीत बरेच आहेत. ते तपासले की राजकारण कळू लागते. स्टर म्हणजे ढवळणे. शेक म्हणजे हलवणे. चर्न म्हणजे घुसळणे. राउज म्हणजे झोपेतून उठवणे. हे सगळे साधे, घरातले शब्द आहेत. डिस्टर्ब म्हणजे शांतता मोडणे. या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘तुर्बा’ आहे, ज्याचा अर्थ गोंधळ, गर्दी. प्रोव्होक म्हणजे मुळात हाक मारून बाहेर बोलावणे, आज त्याचा अर्थ डिवचणे. एक्साइट आणि इन्साइट म्हणजे उत्तेजित करणे, भडकावणे. आणि इन्स्टिगेट म्हणजे टोचून पुढे ढकलणे. बैलाला पराणी लावतात ना, तसे. चिथावणी देणे हा त्याचा नेमका मराठी अर्थ.

दिसायला हे सगळे समानार्थी आहेत. पण समानार्थी शब्दांचा अर्थ कधीच पूर्ण समान नसतो. ॲजिटेट आणि इन्स्टिगेट या दोघांतला फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. पराणी लावणारा बैलाला माणूस समजत नाही. बैलाने कुठे जायचे हे त्याने आधीच ठरवलेले असते. बैलाने विचार करावा अशी त्याची अपेक्षा नसते, उलट तो विचार करू लागला तर पंचाईत! ॲजिटेट करणारा याच्या उलट. तो समोरच्याच्या मनात प्रश्न ढवळून सोडतो. ‘हे असे का?’ असे एकदा वाटू लागले की पुढची वाट ज्याची त्याने शोधायची. चिथावलेला माणूस हत्यार होतो, चेतवलेला माणूस माणूस होतो.

मग या दोन शब्दांची सरमिसळ कोण करते? ज्यांना थर मोडू द्यायचे नाहीत ते! १८६० च्या भारतीय दंडविधानात आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ‘इन्स्टिगेट’ हा अपराधाचा शब्द आहे. ‘एक्साइट’ हाही आहे. ‘ॲजिटेट’ हा त्या अर्थाने अपराधाचा शब्द नाही. पण पोलीस ठाण्यात, मंत्रालयात आणि बड्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आपल्या वाट्याला नेहमी पहिले दोनच शब्द येतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. बड्या वर्तमानपत्रांना त्या बातमीचे मोल कळायला कित्येक आठवडे लागले. पण माणसे रस्त्यावर उतरताच ‘यामागे नक्षलवाद्यांचा हात आहे’ असे सरकारी पातळीवरून बोलले जायला वेळ लागला नाही. म्हणजे दलितांना स्वतःचे दुःख स्वतःहून होत नाही! ते कोणीतरी बाहेरून येऊन टोचल्याशिवाय होत नाही! या बोलण्यामागचे गृहीत हेच ना?

ही चलाखी केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांनी नागरी हक्कांसाठी आवाज उठवला तेव्हा गोऱ्यांचे ठरलेले उत्तर असे, की आमचे काळे लोक सुखात होते, हे ‘आउटसाइड ॲजिटेटर’, म्हणजे बाहेरचे चिथावणीखोर, येऊन त्यांना बिघडवतात. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात या आरोपाचा समाचार घेतला आहे. अन्याय जिथे होतो तिथे जाणारा कोणीही ‘बाहेरचा’ नसतो, हा त्यांच्या उत्तराचा आशय. तिथेही एका चांगल्या शब्दाला शिवी करण्याचा तोच खटाटोप होता.

येथवर दोष परक्यांचा झाला. आता स्वतःकडे वळू. आपण या शब्दाचे काय केले?

‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ हे तीन शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील समाजवादी चळवळीत घुमत होते. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा बाबासाहेबांनी हेच तीन शब्द सभेचे ब्रीद म्हणून घेतले. ते एका संस्थेचे ब्रीद होते हे विसरू नका. संस्था काय करणार, हे त्यात सांगितले आहे. इंग्रजीत ‘लर्न’ म्हणजे शिकणे आणि ‘एज्युकेट’ म्हणजे दुसऱ्याला शिकवणे, वाढवणे. ‘ऑर्गनाइझ’ म्हणजे दुसऱ्यांना एकत्र बांधणे. तसेच ‘ॲजिटेट’ म्हणजे दुसऱ्याचे मन हलवणे. चळवळीच्या लिखाणात याचे ‘शिकवा, चेतवा, संघटित करा’ असे मराठी रूपही आढळते. किती नेमका शब्द आहे हा, चेतवा! चूल चेतवतात, शेकोटी चेतवतात. सरपण आधीच तिथे असते, त्यात धग असतेच, ती जागी करायची असते. चेतवणे आणि चेतना एकाच धातूचे. शब्दकोशात शोधायला गेलेला अर्थ आपल्या आईच्या चुलीपाशी सापडला!

पुढे जनमानसात रूढ झाले ते ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. या घोषणेचा उपमर्द करण्याचा विचार आमच्या मनात येणेही शक्य नाही. या घोषणेने खेड्यापाड्यांतील लाखो घरांतून मुले शाळेत धाडली. अंगठा उठवणाऱ्या बापांनी मुलांची फी भरण्यासाठी एक वेळची भाकर कमी केली ती या घोषणेपायी. जनगणनेचे आकडे पाहा. १९६१ साली देशातील अनुसूचित जातींमध्ये साक्षरता १०.२७ टक्के होती, २०११ साली ती ६६.०७ टक्के झाली. त्यामागे या एका ‘शिका’चा वाटा किती मोठा आहे! ही घोषणा आपली आहे आणि आपलीच राहणार.

पण भाषांतरात दोन गोष्टी घडल्या, त्या उघड्या डोळ्यांनी पाहिल्या पाहिजेत. पहिली ही, की ‘शिकवा’चे ‘शिका’ झाले. जबाबदारी शिकलेल्याच्या खांद्यावरून उतरली आणि न शिकलेल्याच्या खांद्यावर गेली. ‘शिका’ म्हटले की मी शिकलो, माझे काम झाले. ‘शिकवा’ म्हटले की मी शिकलो, आता माझे काम सुरू झाले! दुसरी गोष्ट ही, की मधला शब्द शेवटी गेला आणि जाता जाता बदलला. ॲजिटेटचा झाला संघर्ष. संघर्ष या शब्दात घर्षण आहे. दोन वस्तू एकमेकींवर घासल्याशिवाय घर्षण होत नाही, म्हणजे संघर्षाला समोर कोणीतरी विरोधक लागतो. ॲजिटेट करायला विरोधक लागत नाही. ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या मनातही करता येते. किंबहुना तिथेच ते आधी करावे लागते.

आंदोलन हा त्याचा दुसरा रूढ मराठी प्रतिशब्द. त्याचीही गंमत पाहा. आंदोलनात ‘दोल’ आहे, म्हणजे झोका. हिंदोळा त्याच घरातला. झोका कितीही उंच गेला तरी परत जागच्या जागी येतो. आपली किती आंदोलने अशी झाली? मोर्चा निघाला, निवेदन दिले, फोटो छापून आला, संध्याकाळी घरी परत आणि दुसऱ्या दिवशी सगळे होते तसेच! घुसळण्याचे तसे नाही. दही एकदा घुसळले की ताक आणि लोणी वेगळे होते. त्याचे पुन्हा दही होत नाही.

कोणी म्हणेल, शब्दांचा क्रम मागेपुढे झाला तर एवढे काय बिघडले? काय बिघडते ते महाडने दाखवले आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कायदा झाला, ठराव झाला, तळे भरलेले होते आणि माणसे तहानलेली होती. तरी तीन वर्षे तळ्याच्या पाण्याला अस्पृश्यांची ओंजळ लागली नाही. का लागली नाही? मने ढवळली नव्हती म्हणून! दहशत बाहेर होतीच, पण ‘ते पाणी आपले नव्हे’ हा गाळ आतही बसला होता.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडची परिषद भरली. पहिल्या दिवशी तळ्यावर चाल झाली नाही. आधी बाबासाहेब बोलले. मेलेली गुरे ओढणे सोडा, उष्टे मागणे सोडा, स्वतःकडे माणूस म्हणून पाहा, असे त्यांनी माणसांना सांगितले. हे ॲजिटेट! दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, तेच लोक शिस्तीने चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाका, तसले दागिने टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यात समोर कोणी शत्रू होता काय? मोर्चा होता काय? नव्हता. पण एका स्त्रीने आरशासमोर उभे राहून पिढ्यान्पिढ्यांची खूण सोडली, तेव्हा भांड्याचा तळ हलला. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. पण खरा निकाल लोकांच्या मनात त्याच्या कितीतरी आधी लागला होता.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी शेवटचा उपदेश म्हणून हेच तीन शब्द दिले आणि तेही याच क्रमाने. आपला लढा संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नाही, माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, असे त्यांनी त्याच वेळी सांगितले. माणूसपण परत मिळवायचे तर पहिली लढाई कुठे होणार? मनातच ना?

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनीच सांगितले, की आता संवैधानिक मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग सोडले पाहिजेत. मग ‘ॲजिटेट’ रद्द झाले काय? काही शहाणे हे भाषण आपल्या तोंडावर फेकतात आणि म्हणतात, तुमच्याच नेत्याने तुम्हाला गप्प बसायला सांगितले आहे. ॲजिटेट म्हणजे रस्त्यावर उतरून कायदा मोडणे, असा अर्थ घेतला तर त्यांचे म्हणणे पटेल. पण तो अर्थच चुकीचा आहे. बाबासाहेबांनी मार्ग सोडायला सांगितला, मन ढवळणे सोडायला सांगितले नाही. उलट त्याच भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतल्या विसंगतीवर बोट ठेवले आणि विभूतिपूजेपासून सावध राहायला सांगितले. सगळे सभागृह राज्यघटना पूर्ण झाल्याच्या आनंदात असताना त्याला अस्वस्थ करून सोडणे, हे ॲजिटेट नव्हे तर दुसरे काय होते? आणि सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी जुना धर्म टाकला. एक दगड न उचलता, एक कायदा न मोडता! त्याहून मोठी घुसळण या देशात अर्वाचीन काळात झालेली आम्हाला माहीत नाही.

ज्या बुद्धाला त्या दिवशी शरण गेलो त्याच्या वाणीतही हा शब्द आहे. पालीत त्याला ‘संवेग’ म्हणतात. त्याचा धातू थरथरणे, हलणे या अर्थाचा आहे. दुःख खरे आहे हे कळल्यावर मनाला जो हादरा बसतो आणि माणूस उठून प्रयत्नाला लागतो, तो संवेग. धम्मपदाच्या दण्डवग्गात चाबकाचा स्पर्श होताच सावध होणाऱ्या जातिवंत घोड्याची उपमा संवेगासाठी दिली आहे. विहारात बसून डोळे मिटले म्हणजे मन शांत झाले एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हा शब्दही एकदा वाचावा. धम्माची शांती ही गाळ तळाशी बसल्याची शांती नाही.

आता आजचा हिशेब. शिकणे झाले, निदान बरेच झाले. आपली मुले डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी झाली, परदेशांत गेली. संघटित होणेही ‘झाले’. रिपब्लिकन पक्ष १९५७ च्या ऑक्टोबरात स्थापन झाला, त्याचे पुढे किती गट झाले ते मोजण्यात आता कोणाला रस उरलेला नाही. एकेका वस्तीच्या नाक्यावर चार-चार संघटनांचे फलक असतात. प्रत्येकावर तीच घोषणा, तेच छायाचित्र आणि खाली अध्यक्षांचे त्याहून मोठे छायाचित्र! शिक्षण आहे, संघटनाही आहे, मग काय कमी पडले? मधला शब्द कमी पडला. न चेतवलेली माणसे संघटित केली की फक्त गर्दी होते. तिला कोणीही कुठेही नेतो. आणि न चेतवलेला शिकलेला माणूस फक्त नोकरदार होतो. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, तिचे कारण त्यांना पदव्या नव्हत्या हे नव्हे. पदव्या होत्या, आतली काठी फिरत नव्हती.

आम्ही हे दुसऱ्यांना सुनावत नाही. आम्ही स्वतः कचेरीत आडनाव विचारले की क्षणभर अडखळतो. घर भाड्याने घेताना भिंतीवरचे छायाचित्र कुठे लावावे याचा विचार करतो. मुलांना सांगतो, अभ्यास कर, भानगडीत पडू नकोस. ती ‘भानगड’ म्हणजेच तो मधला शब्द! आपण शिकलो ते बापाने दिलेल्या अस्वस्थतेवर आणि मुलांना देतो आहोत ती स्वस्थता. मग ती मुले विद्यापीठात जातात, तिथे त्यांना जात नव्या कपड्यांत भेटते आणि तिला तोंड कसे द्यायचे हे त्यांना घरात कोणी सांगितलेले नसते. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. तो शिकलेला होता, चेतलेला होता, पण त्याच्या मागे भक्कम उभे राहायचे होते त्या आपण शिकलेल्यांचे काय? तो गेल्यावर आपण मेणबत्त्या घेऊन आलो.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात गेलो आणि फळ्यावर तीन क्रियापदे लिहिली. वॉशिंग मशीन, रंगाचा डबा, काँक्रीटचा ट्रक, महाडचे तळे हे सगळे सांगितले. मुले हसली, मग गप्प झाली. आम्ही म्हणालो, क्रम ध्यानात ठेवा, आधी शिक्षण, मग मन ढवळणे, मग संघटन. या तीन शब्दांपैकी दोन वापरून प्रत्येकाने एक-दोन वाक्ये लिहा. बहुतेकांनी पुस्तकी वाक्ये लिहिली. त्या मुलीने वहीत लिहिले होते : ‘माय ग्रँडमदर वॉज नॉट एज्युकेटेड. शी ॲजिटेटेड अस.’ माझी आजी शिकलेली नव्हती. तिने आम्हाला चेतवले.

आम्ही विचारले, ‘काय करायची गं आजी?’ ती म्हणाली, ‘दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायची. रोज रात्री आईला विचारायची, आज शाळेत काय विचारलेस? काय शिकलीस असे नाही, काय विचारलेस!’

आठवडाभर शब्दकोश चाळून आम्ही जो क्रम पक्का करून आणला होता, तो त्या दोन वाक्यांनी ढवळून टाकला. बाबासाहेबांचा क्रम चुकीचा नाही. पण ‘आधी पूर्ण शिकू, मग पाहू’ असा त्याचा सोयीचा अर्थ आपण शिकलेल्यांनी लावला होता, तो खोटा ठरला. महाडला पाणी प्यायला गेलेल्या कितीजणांना अक्षर येत होते? चेतवायला पदवी लागत नाही. प्रश्न विचारण्याची सवय लागते, आणि ती सवय भांडी घासणाऱ्या एका आजीने आपल्या मुलीला लावली होती. तिची नात आज आम्हाला दोन भिंती दाखवते आहे.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, भिंतीवरची घोषणा पुसू नका. तिच्याखाली जागा असेल तर फक्त एक शब्द लिहा : ‘चेतवा’. आणि आज रात्री घरी मूल शाळेतून, कॉलेजातून आले असेल तर किती गुण मिळाले हे नंतर विचारा. आधी विचारा, आज काय विचारलेस?

जयभीम!